हातमोज्यातलं भोक

सदर महिला, वय सत्तेचाळीसच्या आसपास, मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत मळके कपडे निवडण्याच्या टेबलावर गेली अनेक वर्षे कार्यरत. बांधा मध्यम, वर्ण गव्हाळ, दृष्टी चांगली. वर्तणूक समाधानकारक. वरिष्ठांशी उद्धटपणे बोलल्याची नोंद एक. त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केल्याची नोंद नाही. संसर्गजन्य कपडे हाताळण्याचे प्रशिक्षण पूर्ण. पुरविण्यात आलेल्या जाड रबरी हातमोज्यांचा वापर नियमित व योग्य. सदर महिला हातमोजे एप्रनच्या पट्ट्यात खोचून ठेवते आणि काम उघड्या हातांनी करते.

याला कारण होतं, आणि ते कारण घरी खिडकीशी खुर्ची टाकून बसलेलं असायचं. कारण म्हणजे सासू. सासूने त्याच टेबलावर उभी हयात काढली, आणि निवृत्त होताना सुनेला तिथे चिकटवून दिलं. दागिने द्यावेत तशी जागा दिली, आणि जागेबरोबर विद्याही.

विद्या अशी की, वॉर्डांतून गाठोडी येतात. ती सोडायची, रक्ताचे कपडे वेगळे, साधे वेगळे, ऑपरेशनचे हिरवे वेगळे करायचे आणि ढकलगाड्यांतून धुलाईच्या ड्रमकडे पाठवायचे. एवढं कुणालाही जमेल. पण वॉर्डात चादर गोळा करणाऱ्याला नेहमीच घाई असते, त्यामुळे चादरीबरोबर चष्मे येतात, चमचे येतात, कवळ्या, चिमटे, कात्र्या येतात. एकदा अर्धं खाल्लेलं सफरचंद आलं होतं. एकदा चालू मोबाईल आला, त्यातून एक बाई “ऐकताय ना?” असं विचारत होती. यातलं काही ड्रममध्ये गेलं की ड्रम बसतो, आणि ड्रम बसला की वरच्या तीन मजल्यांवरचे रुग्ण उघड्या गादीवर झोपतात. म्हणून प्रत्येक कपड्यावरून तळहात फिरवायचा. “हातमोजा घातला की हात बहिरा होतो,” असं सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि सुनेने सासूचं ऐकलेल्या मोजक्या गोष्टींत ही एक होती.

तिचा हात इतका तयार झाला की दुहेरी घडीतली टाचणीसुद्धा तिला वरूनच कळे. म्हणून ड्रम चालवणारा तिला एक्स-रेबाई म्हणू लागला. तो गडी तोंडाचा फटकळ आणि मनाने बरा होता. हळूहळू सगळी लॉन्ड्री तिला तेच म्हणू लागली. पगाराच्या दिवशी खऱ्या नावाने हाक मारली की तिला क्षणभर कळायचंच नाही.

सोमवारी दुपारी कॅज्युअल्टीचं गाठोडं आलं. हिरवी चादर होती, घट्ट वळलेली, मध्ये ओली. एक्स-रेबाईने तिच्यावरून हात फिरवला आणि मधल्या बोटाच्या मुळाशी मुंगी डसावी तसं झालं. तिने चादर उलगडली. सुई होती. साधी शिवणाची नव्हे, रक्त काढायची, पोकळ, आणि तिच्या प्लास्टिकच्या टोकात अजून लाल थेंब होता.

तिने सुई उचलून टोकदार वस्तूंच्या डब्यात टाकली. मग तिने जे केलं ते लॉन्ड्रीतल्या माणसाशिवाय कुणाला सुचलं नसतं. ती सरळ ब्लीचच्या बादलीकडे गेली आणि हात मनगटापर्यंत आत घातला. तिचं शास्त्र सरळ होतं: या पाण्याने ऑपरेशनच्या चादरीवरचं रक्त जातं, तर एका थेंबाची काय मिजास? वर दुसऱ्या हाताने बोट पिळलं, जसा डाग पिळतात तसा. हात पांढराफटक पडला, आग आग झाली, आणि आग होतेय म्हणजे काम होतंय अशी तिची खात्री पटली.

“काय एक्स-रेबाई,” ड्रमवाला ओरडला, “हात धुवायला टाकलात? वाळला की सांगा, इस्त्री मारून देतो.”

ती बोट पिळत राहिली. एक्स-रेबाईने उत्तर दिलं नाही म्हणजे काहीतरी गंभीर आहे, हे त्याला कळत होतं. तो ड्रम सोडून आला.

“टोचलं?”

“जरासं.”

“कसली?”

“पोकळ.”

त्याचा चेहरा बदलला. “बाई, हात काढा आधी त्यातून. साबणाने धुवा, साध्या साबणाने, नळाखाली. आणि तडक कॅज्युअल्टीत जा. मला टोचलं होतं ना, इथे यायच्या आधी मी कचऱ्याच्या गाडीवर होतो तेव्हा? गोळ्या असतात. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या. महिनाभर खाव्या लागतात. पण लगेच सुरू कराव्या लागतात, तीन दिवसांच्या आत. तीन दिवस म्हणजे तिसऱ्या दिवशी नव्हे. जेवढा उशीर तेवढा त्यांचा जोर कमी. तीन दिवस उलटले की देतच नाहीत.”

“ब्लीचमध्ये घातलाय की.”

“ब्लीचने चादर निघते. बाई निघत नाही.”

एचआयव्ही हा शब्द त्याने हळू उच्चारला तरी तिने बादलीतून हात झटकन काढून नळाखाली धरला. आता ती जाणार होती. खरोखरच निघाली होती. दारापाशी तिचं लक्ष एप्रनकडे गेलं. पट्ट्यात हातमोजे खोचलेले होते, कोरडे, स्वच्छ, घडीसुद्धा न मोडलेले.

सुई टोचली म्हटलं की कुणीतरी विचारणार, हातमोजे होते का? होते म्हणावं तर भोक कुठे आहे? नव्हते म्हणावं तर टेबल गेलं. नव्या निरीक्षकाने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलंच होतं, उघड्या हाताने काम करताना आढळल्यास टेबलावरून काढून घडी विभागात पाठवण्यात येईल. घडी विभाग म्हणजे वाळलेल्या चादरींच्या चार घड्या घालणं. तिच्या हाताला ती बदली म्हणजे गवयाला टाळ धरायला बसवण्यासारखं होतं.

“जाते,” ती ड्रमवाल्याला म्हणाली, आणि घरी गेली.

घर दोन खोल्यांचं, मधल्या पडद्याला दार म्हणायची पद्धत. मुलगा नोकरीला दूर. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, दिवसभर विहिरीसारख्या अंधारात लोंबकळणारा आणि घरी आल्यावर शब्द जपून वापरणारा. तो यायला वेळ होता. सासू होती.

“दाखव,” सासू म्हणाली. बोट बघितलं. मग हातमोजा बघितला. तिने प्रकरणाचं मर्म लगेच ओळखलं. “याला भोक पाहिजे.”

दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. सासूने शिवणाच्या डब्यातून मोठी सुई काढली, सुनेने हातमोजा हातात चढवला, खुणेसाठी बोट वाकवलं, मग काढून टेबलावर पसरला. सासूने नेम धरून सुई खुपसली, काढली. भोक दिसेना. जाड रबर ते, सुई निघाली की तोंड मिटून बसायचं.

“पुन्हा.”

पुन्हा तेच. हातमोजा काही ताकास तूर लागू देईना.

“दाभण आण.”

दाभणाने भोक पडलं, पण ते सुईचं वाटेना. सासूने ते जरा सारखं करायला कात्रीचं टोक लावलं. आता ते उंदराने कुरतडल्यासारखं दिसू लागलं.

“आई, ही कसली सुई वाटणार?”

“घोड्याची म्हणून सांग.”

दोघींनाही हसू आलं, आणि हसता हसता एक्स-रेबाईच्या लक्षात आलं की आपण इथे बसून हसतोय आणि आत बोटात जे काय व्हायचं ते होतंय. तिचं हसू तिथेच विझलं. “तो म्हणाला लगेच सुरू करायच्या.”

“तो ड्रमवाला काय डॉक्टर आहे? मला उघड्या हातांनी कधी काही झालं का? सकाळी निरीक्षकाला रीतसर सांग, मग जा. रीतसर गेलीस तर कोण बोट दाखवणार नाही.”

मंगळवारी निरीक्षक बैठकीला गेलेले होते. येतील असं कळलं. एक्स-रेबाई त्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत उंदराने खाल्लेला हातमोजा. मधूनमधून टेबलाशी जाऊन दोन गाठोडी सोडायची, परत येऊन बसायची. त्या दिवशी तिने हातमोजे घातले होते, दुसरे. हात खरंच बहिरे झाले होते. ड्रमवाल्याची साप्ताहिक सुट्टी होती, त्यामुळे तिला धरून हलवणारं कुणी नव्हतं. निरीक्षक आलेच नाहीत. बैठकीतून परस्पर घरी गेले. संध्याकाळी बाकावरून उठताना तिला बोटात ठणका लागल्यासारखं वाटलं. ठणका ब्लीचचा होता, पण तिला ते कोण सांगणार?

रात्री नवऱ्याने विचारलं, “काय झालंय?”

“काही नाही.”

त्याने तेही जपून ठेवून घेतलं.

बुधवारी सकाळी ड्रमवाला आला तो हातात चहाचे दोन पेले घेऊनच. “घ्या. किती गोळ्या झाल्या? मळमळतंय ना? मला तर पहिल्या आठवड्यात—”

“कसल्या गोळ्या?”

पेले त्याने खाली ठेवले. “बाई. सोमवारी तुम्ही गेला होतात ना?”

“भोक करत होतो.”

“काय करत होतात?”

तिने पिशवीतून हातमोजा काढून दाखवला. ड्रमवाल्याने तो उजेडात धरला, भोकातून तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही. “चला,” म्हणाला.

“निरीक्षक—”

“निरीक्षकाला टोचलंय का? चला म्हणतो ना!”

तो तिला लॉन्ड्रीच्या मागच्या जिन्याने नेऊ लागला, पुढचा रस्ता लांब पडतो म्हणून. ड्रम तसाच फिरत राहिला. वाटेत तिने विचारलं, “गेले का हो तीन दिवस?” आणि त्याने “गप चला” म्हटलं, त्याचा अर्थ तिने वाईटात वाईट लावला. सोमवारची दुपार, मंगळवार अख्खा, आज सकाळ. बोटांवर मोजताना नेमकं तेच बोट मध्ये येत होतं.

कॅज्युअल्टीत टेबलामागे एक तरुण डॉक्टर होती, डोळ्यांखाली काळं, केसांत पेन. शेजारी जाडसर सिस्टर. एक्स-रेबाईने आधी हातमोजा पुढे केला. डॉक्टरने तो बाजूला सारला, जेवताना मध्ये आलेलं ताट सारावं तसा.

“कधी टोचलं?”

“हातमोजा घातला होता, हे बघा, इथे—”

“मावशी, कधी?”

“सोमवारी. दुपारी.”

डॉक्टरने घड्याळाकडे बघितलं. त्या बघण्यात जो वेळ गेला तो एक्स-रेबाईच्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ. तिला डॉक्टरच्या केसांतलं पेन दिसत होतं, त्याचं टोपण चावलेलं होतं.

“बसतंय,” डॉक्टर म्हणाली. “उशीर झालाय, पण तीन दिवसांत बसतंय. सिस्टर, पहिली गोळी आत्ता. रक्त नंतर घ्या.”

गोळी मोठी होती. पाण्याबरोबर घशात अडकली, मग उतरली. ड्रमवाला दारात उभा राहून तिच्या गळ्याकडे बघत होता, जणू ती उतरवण्यात त्याचाही हात होता.

“हातमोजा बघणार नाही?” तिने विचारलं.

“कशाला?” सिस्टर म्हणाली. “हातमोजा कुणी विचारला? उघड्या हाताने टोचलं तरी गोळी हीच. कुणाची सुई ते माहीत नसलं तरी हीच. घरात टोचलं, रस्त्यात टोचलं, कुणी जबरदस्ती केली, नाहीतर मजा करताना चुकलं, गोळी हीच. मी फक्त वेळ विचारते. आणि हा हात असा कशाने सोललाय?”

“ब्लीच.”

सिस्टरने कपाळावर हात मारला. “मावशी, तुम्ही चादर आहात का?”

मग डॉक्टरने नीट समजावलं. संसर्ग झालेल्या माणसाची सुई असली तरी हजारांत तिघांना वगैरे लागण होते, आणि गोळ्या घेतल्या तर तीही शक्यता खूप कमी होते. पण चार आठवडे रोज, एकही दिवस न चुकता. तपासणी आज, दीड महिन्याने, तीन महिन्यांनी. तोवर रक्तदान नाही. काविळीची लस घेतली नसेल तर तीही. नवऱ्याबरोबर निरोध. सिस्टरने गोळ्यांची आणि निरोधची पाकिटं कागदात गुंडाळून पिशवीत टाकली, उंदराने खाल्लेल्या हातमोज्यावरच.

निरोधचं सांगायला तिला दोन दिवस लागले. शेवटी नवरा बूट घालत होता तेव्हा तिने एका श्वासात सगळं सांगितलं: सुई, ब्लीच, हातमोजा, गोळ्या, हजारांत तीन, निरोध. पडद्यापलीकडे सासूची खुर्ची करकरायची थांबली.

नवऱ्याने एका बुटाची नाडी बांधली. “लिफ्टचा दोर तुटायचं प्रमाण याहून कमी आहे,” तो म्हणाला. “तरी मी दर महिन्याला बघतोच.” मग दुसऱ्या बुटाची बांधली. “गोळी चुकवू नकोस.” दारात थांबला. “सोमवारीच सांगायचंस.” एवढं बोलल्याने तो थकलेला दिसला.

पडद्यामागून आवाज आला, “या वयात पाकिटं!”

“आई, तुम्ही झोपा.”

गोळ्यांनी नाकी नऊ आणले. सकाळी उठलं की मळमळायचं, चहाचा वास नको व्हायचा. तिला रात्री स्वप्नं पडत, त्यांत ती चादरी सोडत राही आणि चादरींना शेवटच नसे. पुढच्या गोळ्या न्यायच्या खिडकीपाशी एचआयव्ही असलेल्यांचीही रांग होती, तीच खिडकी, तीच औषधं. तिथे तिच्या मागे एक गृहस्थ उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. तिचा चेहरा बघून म्हणाले, “रात्री जेवल्यावर घ्या. मळमळ झोपेत निघून जाते.”

“मी यातली नाही,” ती घाईने म्हणाली. “मला नुसतं टोचलंय.”

“पहिल्या दिवशी मीही हेच म्हणालो होतो,” गृहस्थ शांतपणे म्हणाले. “तरी रात्रीच घ्या.”

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या रात्रीपासून ती गोळी जेवल्यावर घेऊ लागली. मळमळ कमी झाली.

त्या दिवशी सासूही बरोबर आली होती, कुणाला तरी सुनावायचं ठरवूनच. खिडकीशी तीच जाडसर सिस्टर होती. सासूने सुरुवात केली की मी सगळी नोकरी उघड्या हाताने केली, मला कधी काही झालं नाही, ही सगळी हल्लीची थेरं आहेत.

“तुम्हाला टोचलं होतं कधी?” सिस्टरने विचारलं.

“दहादा टोचलं असेल!”

“मग तपासणी कधी केली?”

सासू पदर सावरत रांगेतून बाहेर झाली. घरी आठवडाभर खिडकीतून बाहेर बघत राहिली, जेवण अर्धं टाकू लागली. मग एका सकाळी कुणाला न सांगता एकटीच गेली आणि तपासणीला रक्त देऊन आली. निकाल स्वच्छ निघाला.

त्यानंतर ती घरात मावेनाशी झाली. “बघितलंस? मी म्हटलं नव्हतं? हात चांगला असला की काही होत नाही.” ताट वाढताना तेच, ताट उचलताना तेच. एक्स-रेबाईचा दीड महिन्याचा निकालही ठीक आला होता, पण शेवटचा बाकी होता आणि डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की शेवटचा तो खरा. सासू चौथ्यांदा “हात चांगला असला की” म्हणाली तेव्हा सुनेने भांडं ठेवलं.

“तुमचं नशीब चांगलं होतं, आई. हात माझाही चांगलाच आहे.”

सासू पडद्याआड गेली. थोड्या वेळाने पडद्यापलीकडून म्हणाली, “देवाशपथ, मी तुला वाईट शिकवायला गेले नव्हते गं.”

“माहीत आहे.”

मधल्या काळात निरीक्षकांनी, कॅज्युअल्टीकडून टोचल्याची नोंद आल्यावर सुरू केलेली, चौकशी पूर्ण केली. अहवालात आलं की कर्मचाऱ्यांना हातमोजे वापरण्याबाबत पुन्हा सूचना देण्यात आल्या आहेत. चादरीत सुई कुणी टाकली हे विचारल्याचं त्यात नव्हतं. तिचं टेबल कायम राहिलं, कारण गोळ्यांच्या त्रासाने ती घरी राहिली त्या दोन दिवसांत ड्रम दोनदा बसला होता.

तीन महिने भरले तेव्हा ती शेवटच्या तपासणीला गेली. नवऱ्याने कामावर खाडा केला. तो येतो म्हणाला नव्हता, पण खिडकीजवळ उभा होता, आणि उगाचच समोरच्या लिफ्टचं दार दोनदा उघडून बघून आला. निकाल द्यायला सिस्टरने आत बोलावलं. आत गेल्यावर तिला सिस्टरचे शब्द ऐकू आले, पण कळले नाहीत. तिने पुन्हा विचारलं, आणि सिस्टरने पुन्हा सांगितलं, हळू, एकेक शब्द करून. मग कामावर दाखवायचं पत्र दिलं: सदर महिला तपासणीअंती संसर्गमुक्त आढळली असून नेहमीच्या कामासाठी पूर्णपणे सक्षम आहे.

सदर महिला खिडकीपासून जिन्यापर्यंतच गेली आणि तिथल्या पायरीवर बसली. तिला उठता येईना, म्हणून नवराही शेजारी बसला.